नियमगिरी: आधी कारखाना, मग विचारणा

ओडिशात कालाहांडी आणि रायगडा या जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरीची डोंगररांग आहे. तिच्या उतारांवर डोंगरिया कोंध आदिवासींची शंभरावर लहान गावं आहेत. सगळी मिळून लोकसंख्या आठ-दहा हजारांच्या घरात. सरकारदरबारी त्यांची नोंद ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ अशी असली, तरी ही माणसं मुरलेली बागायतदार आहेत. उतारावर अननस, हळद, आलं, केळी, फणस पिकवायचे आणि चाटिकोनाच्या बुधवारच्या बाजारात नेऊन विकायचे, हे त्यांचं अर्थकारण. डोंगराच्या माथ्यावर मात्र कुऱ्हाड चालवायची नाही. माथा नियमराजाचा, आणि नियमराजा हा त्यांचा देवही आणि मूळ पुरुषही.

बॉक्साइट, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम बनतं ते खनिज, आहे ते नेमकं त्या माथ्यावर. साठा सात कोटी टनांहून जास्त. हा थर सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी पोटात घेतो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांना सोडत राहतो. वंशधारा नदीचा उगम याच डोंगरात आहे. म्हणजे वेदान्त या खाणकंपनीला हवा असलेला कच्चा माल आणि लोकांना हवं असलेलं पाणी एकाच दगडात होतं.

कंपन्या आपल्या अहवालांत ‘आम्ही आंतरराष्ट्रीय मानकांशी बांधील आहोत’ असं लिहितात. असे अहवाल वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि या वाक्याचा अर्थ समजून घ्यायला वेदान्त-नियमगिरीइतकं उपयोगी प्रकरण मला दुसरं ठाऊक नाही. कारण यात सगळं एका जागी सापडतं: लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तिच्याविरुद्ध झालेली आंतरराष्ट्रीय तक्रार, शेअर विकून बाहेर पडलेले गुंतवणूकदार, भारताचा वनहक्क कायदा, आणि शेवटी पावसात भरलेल्या बारा गावसभा.

कामाचा क्रम

वेदान्त रिसोर्सेस डिसेंबर २००३ मध्ये लंडन शेअर बाजारात आली. तिच्या समूहातली स्टरलाइट ही कंपनी मराठी वाचकांना अपरिचित नाही. १९९३ मध्ये रत्नागिरीत तिच्या तांबे प्रकल्पाचं बांधकाम शेतकरी-बागायतदारांच्या आंदोलनानंतर थांबवावं लागलं आणि तो प्रकल्प पुढे तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. गोव्यातली सेसा गोवा ही खाणकंपनी २००७ मध्ये याच समूहाने घेतली. आज शेअर बाजारात जी ‘वेदान्त लिमिटेड’ दिसते, ती कायद्याच्या दृष्टीने त्या गोव्याच्या कंपनीचीच पुढची अवस्था आहे.

नियमगिरीच्या पायथ्याशी लांजिगड इथे या समूहाने बॉक्साइटपासून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमच्या आधीचा टप्पा) बनवणारी रिफायनरी उभारायला घेतली. क्षमता वर्षाला दहा लाख टन. या रिफायनरीला लागणारं बॉक्साइट डोंगरमाथ्यावरून यायचं होतं. खाणीचा पट्टा ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या नावावर आणि माल जाणार रिफायनरीला, अशी व्यवस्था. खाणीसाठी सुमारे ६६० हेक्टर वनजमीन लागणार होती.

आता इथे तारखा नीट पाहायला हव्यात. रिफायनरीला पर्यावरण मंजुरी मिळाली सप्टेंबर २००४ मध्ये. ती देताना प्रकल्पात वनजमीन नाही असं धरलं गेलं होतं. प्रत्यक्षात सुमारे ५९ हेक्टर वनजमिनीसाठीचा अर्ज त्याआधीच झालेला होता. किनारी गावातली कुटुंबं उठवून वेदान्तनगर नावाच्या वसाहतीत हलवली गेली. २००७ पर्यंत रिफायनरी चालू झाली. त्या वेळी माथ्यावरच्या खाणीला वनमंजुरी मिळालेली नव्हती, आणि ज्यांचा तो माथा, त्या डोंगरियांशी नीट बोलणंही झालेलं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म या क्रमात आहे. हजारो कोटींचा कारखाना पायथ्याशी उभा राहिला की वरच्या माणसांना विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर परवडतं. ‘हो’ म्हटलं तर विकासाला साथ, ‘नाही’ म्हटलं तर गुंतवणूक बुडवल्याचा ठपका. मग त्या विचारण्याला सल्लामसलत म्हणता येत नाही. पुढे दहा वर्षं जे काही घडलं, लंडनमध्ये आणि दिल्लीत, ते या उलट्या क्रमाचे परिणाम होते.

नोटीस कुणी वाचायची?

२००३ च्या सुरुवातीला प्रकल्पासाठी जनसुनावण्या झाल्या होत्या, आणि कंपनीचा भर त्यांच्यावर होता. त्या काळच्या नियमांनुसार जनसुनावणीची सूचना निदान दोन वर्तमानपत्रांत द्यायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तीस दिवसांची मुदत ठेवायची. प्रकल्पाचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा उद्योग केंद्र, जिल्हा परिषद आणि प्रदूषण मंडळाच्या कचेरीत पाहायला उपलब्ध ठेवायचा.

हा नियम नियमगिरीवर लावून पाहा. ओडिशात स्थानिक भाषा म्हणजे उडिया. डोंगरिया बोलतात कुवी. तिला छापील वर्तमानपत्र नाही. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि डोंगरावर पेपर टाकायला कुणी जात नव्हतं. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सारांश मागायचा, हे डोंगरियाच्या मनात तरी कसं यावं? माणसांपर्यंत पोचायचंच असतं, तर बुधवारचा चाटिकोना बाजार होता. डोंगरावरून खाली उतरणारी बायामाणसं पाठीवर आणि डोक्यावर माल घेऊन तिथे येतातच. कुवी बोलणारा एखादा माणूस घेऊन तिथे सलग काही आठवडे बसता आलं असतं, गावागावांतल्या वडीलधाऱ्यांना गाठता आलं असतं. त्यासाठी फार पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि ऐकून घेण्याची तयारी लागते.

नियमाचं पालन आणि मानकाचं पालन यांत फरक पडतो तो इथे. ‘सूचना प्रसिद्ध केली का?’ असं नियम विचारतो. मानकाचा प्रश्न वेगळा असतो: ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांना ते कळलं का?

लंडनमधली तक्रार

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १९७६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं ठरवली. वेळोवेळी त्यांत सुधारणा झाल्या. ही तत्त्वं मान्य केलेल्या प्रत्येक देशाला एक राष्ट्रीय संपर्क केंद्र चालवावं लागतं. कंपनीचं वागणं तत्त्वांना सोडून आहे असं वाटलं तर कुणीही तिथे तक्रार करू शकतं. आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो जमला नाही तर केंद्र तपासणी करून आपलं निवेदन जाहीर करतं. दंड करायचा किंवा काम थांबवायचा अधिकार त्याला नाही.

भारत या तत्त्वांमध्ये सामील नाही, म्हणून भारतात असं केंद्र नाही. पण वेदान्त रिसोर्सेस ब्रिटनमध्ये नोंदलेली होती. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या केंद्राकडे तक्रार केली. समेट काही झाला नाही. तपासणी सुरू झाल्यावर केंद्राने कंपनीकडे वारंवार पुरावे मागितले. तुम्ही डोंगरियांशी बोललात ना, मग ते दाखवा, एवढीच मागणी होती. कंपनीने तपासणीत पुरावे दिले नाहीत.

२५ सप्टेंबर २००९ चं अंतिम निवेदन स्पष्ट आहे. खाणीबाबत डोंगरिया कोंधांशी पुरेशी आणि वेळेवर सल्लामसलत करण्याची व्यवस्था कंपनीने उभी केली नाही. खाणीचा त्यांच्या हक्कांवर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन केलं नाही. त्यांच्या हक्कांचा मान राखला नाही. कंपनीच्या वागण्यात बदल होणं अत्यावश्यक आहे, असंही केंद्राने म्हटलं. सोबत शिफारशी होत्या: डोंगरियांशी ताबडतोब बोलणी सुरू करा, आणि यापुढे प्रकल्पाच्या आखणीतच मानवी हक्कांवरच्या परिणामांचा अभ्यास धरा. स्वतःच्या देशात नोंदलेल्या एका मोठ्या कंपनीबद्दल एखाद्या सरकारी यंत्रणेने असं उघडपणे लिहिणं ही लहान गोष्ट नव्हती.

कंपनीने निष्कर्ष फेटाळले.

कंपनीची बाजू

ती बाजू नीट मांडायला हवी, कारण तिच्यात दम होता. कालाहांडी हा भुकेसाठी देशभर ओळखला गेलेला जिल्हा. तिथे कारखाना आला, रोजगार आला, शाळा-दवाखान्यांवर खर्च झाला, शाळकरी मुलांच्या दुपारच्या जेवणाचं काम कंपनीने अंगावर घेतलं. राज्य सरकार प्रकल्पाच्या पाठीशी होतं. आणि सगळ्यांत मोठा मुद्दा म्हणजे ऑगस्ट २००८ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने खाणीसाठी वनजमीन वळवायला अटींवर परवानगी दिली होती. राज्य सरकार, खनिकर्म महामंडळ आणि स्टरलाइट यांनी मिळून एक विकाससंस्था काढायची आणि लांजिगड प्रकल्पाच्या नफ्याचे ५ टक्के किंवा वर्षाला १० कोटी रुपये, यांतली जी रक्कम जास्त असेल ती तिथल्या विकासावर खर्च करायची, ही त्यांतली एक अट. देशाचं सर्वोच्च न्यायालय ‘करा’ म्हणत असताना लंडनमधल्या एका कचेरीने ‘चुकलात’ म्हणायचं, हे कंपनीला पटलं नाही.

यावर माझं म्हणणं असं. देशाचा कायदा पाळणं ही ओईसीडीच्या तत्त्वांतली पहिली पायरी आहे, आणि तत्त्वं तिच्या पुढे सुरू होतात. कायद्याने जितकं सांगितलं तितकंच करायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकांशी बांधिलकी जाहीर करण्याचं कारणच उरत नाही. शिवाय ५ टक्के नफा ही भरपाई आहे. ज्याला विचारलंच नाही त्याच्यासाठी निधी बाजूला काढला म्हणून विचारण्याची जबाबदारी फिटत नाही. शाळा बांधली हे चांगलंच झालं, पण माथा खोदायचा का, हा प्रश्न शाळेने सुटत नाही. आपल्याकडे सामाजिक दायित्वाचा खर्च आणि जबाबदार वर्तन यांची गल्लत फार होते. नफ्याचा वाटा कुठे दिला हा एक प्रश्न, आणि नफा कमावला कसा हा दुसरा. ओईसीडीची तत्त्वं दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहेत.

आणि त्या न्यायालयीन परवानगीचीही एक आधीची गोष्ट आहे. नॉर्वेचा सरकारी पेन्शन फंड गुंतवणूक करताना नीतिमत्तेचे निकष लावतो. त्याच्या नीतिपरिषदेने वेदान्तच्या भारतातल्या कारभाराचा अभ्यास केला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये फंडाने कंपनीला आपल्या यादीतून वगळलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नियमगिरीचं प्रकरण होतं. न्यायालयाने या वगळण्याची दखल घेतली. अहवाल बरोबर की चूक यावर मत न देता, अशा परिस्थितीत वेदान्तच्या हाती हे काम देण्याची जोखीम घेता येणार नाही, असा पवित्रा घेतला आणि त्याऐवजी स्टरलाइटला पुढे येण्याची मुभा दिली. स्टरलाइट भारतात नोंदलेली होती हे खरं. पण तिची मालकी त्याच समूहाकडे होती. ऑस्लोतल्या एका समितीचं मत दिल्लीतल्या निकालपत्रात उतरलं, आणि डोंगराच्या दृष्टीने फरक पडला नाही, कारण येणार तोच समूह होता.

पैसा मात्र हलू लागला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने वेदान्तमधले सुमारे ३८ लाख पौंडांचे शेअर विकले. जोसेफ राउंट्री धर्मादाय न्यासानेही विकले. त्याच महिन्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा अहवाल आला. त्यात रिफायनरीच्या प्रदूषणाने आसपासच्या गावांचे होणारे हाल नोंदवले होते. कंपनीच्या एकूण भांडवलापुढे ही विक्री किरकोळ होती. पण लंडनच्या वार्षिक सभेत इतर गुंतवणूकदारांनाही प्रश्न विचारावे लागले, आणि ते विचारले गेले.

सक्सेना समिती

दिल्लीत तोवर दोन गोष्टी बदलल्या होत्या. २००६ चा वनहक्क कायदा लागू झाला होता, आणि ऑगस्ट २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं होतं की वनजमीन वळवण्याच्या प्रस्तावासोबत संबंधित ग्रामसभांची संमती हवी. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी माजी सनदी अधिकारी एन. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक एस. परशुरामन, समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर आणि वनअधिकारी प्रमोद कांत होते.

ऑगस्ट २०१० मध्ये अहवाल आला. रिफायनरीच्या आवारात निदान २६ हेक्टर गाववनाची जमीन बेकायदा घेरलेली आहे. मंजुरी नसताना क्षमता दहा लाखांवरून साठ लाख टनांवर नेण्याचं बांधकाम बरंच पुढे गेलेलं आहे. या विस्ताराची जनसुनावणी एप्रिल २००९ मध्ये बेलंबा इथे झाली होती, म्हणजे इथेही तोच क्रम. रिफायनरीला बॉक्साइट पुरवणाऱ्या चौदा खाणींपैकी अकरांकडे पर्यावरण मंजुरी नव्हती. वनहक्क कायद्याचं उल्लंघन झालेलं आहे.

त्या अहवालातला एक हिशोब मला सर्वांत बोलका वाटतो. रिफायनरी सहापट झाली तर वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख टन बॉक्साइट लागेल. नियमगिरीच्या पट्ट्यात आहे साधारण ७ कोटी २० लाख टन. म्हणजे चार वर्षांत माथा संपला. चार वर्षांच्या मालासाठी एका समाजाचं पाणी, जंगल आणि देव कायमचे द्यायचे होते. हा भागाकार कुठल्याही आंतरराष्ट्रीय तत्त्वावाचून कंपनीला स्वतःला करता आला असता.

२४ ऑगस्ट २०१० रोजी मंत्रालयाने वनमंजुरी नाकारली. खनिकर्म महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं.

बारा पल्ली सभा

१८ एप्रिल २०१३ चा निकाल न्या. के. एस. राधाकृष्णन यांनी लिहिला. न्यायालयाने खाण मंजूरही केली नाही आणि थेट रद्दही केली नाही. डोंगरियांचे धार्मिक, सांस्कृतिक आणि सामूहिक हक्क यांना खाणीने बाधा येते का, हे ग्रामसभांनी (ओडिशात त्यांना पल्ली सभा म्हणतात) ठरवावं असं सांगितलं. आदिवासींच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार यांचा निकालपत्रात उल्लेख आहे. लंडनच्या निवेदनात जी अपेक्षा शिफारस म्हणून होती, तिच्यामागे आता भारतीय न्यायालयाचं बळ उभं राहिलं.

राज्य सरकारने शंभराहून अधिक गावांतून बाराच निवडली, रायगडा जिल्ह्यातली सात आणि कालाहांडीतली पाच. यावर कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. तरी सभा झाल्या. पहिली १८ जुलै २०१३ ला सेरकापाडीत, शेवटची १९ ऑगस्टला जरपात. भर पावसाचे दिवस. चिखलवाटांनी अधिकारी, जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचे निरीक्षक, पत्रकार आणि सशस्त्र पोलीस डोंगर चढून गावात यायचे. मतदारयादीतली नावं वाचली जायची, मग एकेक जण, बायका आणि म्हातारी माणसंसुद्धा, उठून बोलायचे. बोलणं कुवीत, त्याचं उडियात भाषांतर, आणि नोंद कागदावर.

अधिकाऱ्यांनी दाव्यांच्या कागदांवर पूजेची ठिकाणं नेमकी लिहून आणली होती: अमुक जागा, एवढं क्षेत्र. लोकांनी ती मोजणी मान्य केली नाही. देव एका जागेपुरता नाही, सगळा डोंगर त्याचा आहे, हे सांगून झालं आणि पुन्हा सांगून झालं. कुणी झऱ्यांबद्दल बोललं, कुणी अननसाच्या बागांबद्दल, कुणी लांजिगडच्या रिफायनरीजवळ काय झालं ते डोळ्यांनी पाहिल्याबद्दल. पायथ्याचा कारखाना म्हणजे खाणीच्या बाजूचं मोठं भांडवल, असं मानलं गेलं होतं. या सभांमध्ये तो विरोधातला पुरावा ठरला.

सेरकापाडी, केसरपाडी, ताडिझोला, कुनाकाडू, पालबेरी, बातुडी, फुलडुमेर, इजिरुपा, लांबा, लाखपदर, खांबेसी आणि जरपा. बाराही गावांनी एकमुखाने नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने खाणीला अंतिम नकार कळवला. २०१६ मध्ये महामंडळाने सभा पुन्हा घ्याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, तेव्हा न्यायालयाने ऐकलं नाही.

कंपनीला या सगळ्याची किंमत मोजावी लागली. बॉक्साइट नाही म्हणून डिसेंबर २०१२ पासून काही महिने रिफायनरी बंद ठेवावी लागली. सल्लामसलतीला ‘वेळखाऊ’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी हे लक्षात घ्यावं. २००३ मध्ये डोंगरावर जाऊन प्रामाणिकपणे विचारलं असतं, तर ‘नाही’ तेव्हाच कळलं असतं आणि रिफायनरी दुसऱ्या खाणीच्या हिशोबाने दुसरीकडे आखता आली असती.

ग्रामसभेची ही ताकद महाराष्ट्राला नवी नव्हती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा कितीतरी आधी दिली होती. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचं परवाना-पुस्तक गावाच्या हाती द्यायला तेच जयराम रमेश तिथे आले होते. एका ठिकाणी ग्रामसभेने बांबू विकायचं ठरवलं, दुसऱ्या ठिकाणी बॉक्साइट न विकायचं. दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारे तेच लोक होते ज्यांना त्या निर्णयाच्या परिणामांसोबत राहायचं होतं.

कागदावर काय बदललं

२०१० च्या टीकेनंतर, आणि मुख्यतः गुंतवणूकदारांच्या आग्रहाने, वेदान्तने बाहेरच्या सल्लागारांकडून आपल्या कारभाराची तपासणी करून घेतली आणि आंतरराष्ट्रीय मानकांच्या धर्तीवर शाश्वत विकासाची चौकट आखली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने व्यवसाय आणि मानवी हक्कांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि त्याच वर्षी ओईसीडीच्या तत्त्वांत मानवी हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आलं. २०१८ मध्ये वेदान्त रिसोर्सेस लंडन शेअर बाजारातून बाहेर पडली. त्याबरोबर तिथल्या जाहीर वार्षिक सभाही गेल्या, जिथे एक-दोन शेअर घेऊन कार्यकर्ते आत येत आणि संचालकांना समोरासमोर विचारत.

भारतात २०१९ मध्ये केंद्राने जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं जाहीर केली. २०२२-२३ पासून सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ सक्तीचा केला. बीआरएसआर या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. त्यात मानवी हक्कांवर, पुनर्वसनावर, स्थानिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या व्यवस्थेवर प्रश्न आहेत. हे चांगलंच आहे. पण नियमगिरीच्या अनुभवाने मला या तक्त्यांत एक रकाना कमी वाटतो. बाधित लोकांशी पहिलं बोलणं कोणत्या तारखेला आणि कोणत्या भाषेत झालं, आणि बांधकामावरचा पहिला मोठा खर्च कोणत्या तारखेला झाला, या दोन तारखा शेजारी-शेजारी छापायला हव्यात. धोरणाची पानं वाचून जे कळत नाही ते या दोन तारखांतून कळेल. म्युच्युअल फंडात पैसे असणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हा प्रश्न फंडाला ईमेल करून विचारता येतो.

कायद्याची पकड मात्र सैल झाली आहे. जून २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी, अंतिम मंजुरी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती तपासण्याची केंद्राची जबाबदारी काढून घेतली आणि वनहक्कांची पूर्तता राज्यांवर सोडली. खाणीच्या महसुलावर डोळा असलेलं राज्य स्वतःच्याच ग्रामसभेच्या नकाराला किती जपेल, हे बारा गावांची निवड कशी झाली यावरून ताडता येतं.

लांजिगडची रिफायनरी आज दुसरीकडून आणलेल्या बॉक्साइटवर चालते आणि तिचा विस्तारही झाला आहे. २०२३ मध्ये त्याच पट्ट्यातल्या सिजिमाली डोंगराच्या बॉक्साइट खाणीच्या लिलावात वेदान्त पसंतीची बोलीदार ठरली. तिथे विरोध झाला, गावकऱ्यांना अटका झाल्या. खाणीच्या बाजूने ग्रामसभांचे ठराव झाल्याची नोंद कागदोपत्री आहे, आणि आपण असे ठराव केलेच नाहीत, त्यांवरच्या सह्या बनावट आहेत, असा तिथल्या गावकऱ्यांचा आरोप आहे. २०१३ च्या सभांना न्यायिक निरीक्षक होता, पत्रकार होते, प्रत्येक गावात बोललेला शब्द जाहीरपणे नोंदला गेला होता. सिजिमालीत कंपनीला आपल्या बांधिलकीचा पुरावा द्यायचा असेल, तर त्या ठरावांची उघड फेरतपासणी तिने स्वतःहून मागावी, तशाच निरीक्षकासमोर, आणि तिथे ‘नाही’ निघालं तर निविदा सोडायची तयारी आधी लेखी द्यावी.